दोन महामार्गांच्या चौकात : गाडी आपली, ओळख किती?

जयपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हवामहल, आमेरचा किल्ला, लाखेच्या बांगड्या आणि हलकीफुलकी रजई उभी राहते. गाण्याचा नाद असलेल्यांना जयपूर-अत्रौली घराणे आठवते. पर्यटकांची गाडी एकदा परकोटाच्या आत शिरली की बापू बाजार आणि जोहरी बाजारातून ती लवकर बाहेर पडत नाही.

पण शहराच्या उत्तरेला, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक वेगळेच जयपूर आहे. तिथे गुलाबी रंग नाही, जाळीदार खिडक्या नाहीत. आहेत ती पत्र्याची छपरे, उंच फाटके, लोखंडी सळ्यांनी भरलेले ट्रक, हातगाड्या आणि चहाच्या टपऱ्या. हे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. आपल्याकडे जशी एमआयडीसी, तशी राजस्थानात 'रिको', म्हणजे राजस्थान राज्य औद्योगिक विकास व गुंतवणूक महामंडळ. या क्षेत्राचे लांबलचक नाव उच्चारण्याच्या भानगडीत जयपूरकर पडत नाहीत. ते नुसते 'वीकेआय' म्हणतात. येथील रस्त्यांना पुढाऱ्यांची नावे नाहीत, आकडे आहेत. 'पाच नंबर', 'नऊ नंबर', 'चौदा नंबर' एवढे सांगितले की रिक्षावाल्याला पत्ता समजतो.

पर्यटक येथे मुद्दाम येत नाहीत. तरीही हिवाळ्याच्या सुटीत या रस्त्यावर 'एमएच' पाटीच्या गाड्या दिसतात. कुणी खाटूश्यामजीला निघालेले असते, कुणी सालासरच्या बालाजीला. कुणाला नवलगढ, मंडावा, फतेहपूर या शेखावाटीच्या गावांतल्या चित्रमय हवेल्या पाहायच्या असतात. त्या सर्वांची वाट वीकेआयच्या अंगावरूनच जाते.

सोलापूरचा रस्ता आणि मुंबईचा रस्ता

हा सीकर रस्ता मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ तो हाच. पंजाबातील संगरूरहून निघून हिसार, सीकर, जयपूर, कोटा, इंदूर असा प्रवास करत तो धुळ्याला महाराष्ट्राच्या आत येतो. पुढे चाळीसगावजवळचा औट्रम घाट चढून छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर आणि सोलापूर गाठतो. म्हणजे तुळजाभवानीच्या दर्शनाला ज्या रस्त्याने जायचे, त्याचेच दुसरे टोक धरून खाटूश्यामजीला जाता येते.

चौदा नंबरच्या परिसरात या रस्त्याला शहराबाहेरून जाणारा वळणमार्ग छेदतो. तो दिल्ली-मुंबई वाहतुकीचा, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चा. अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत तो पालघर जिल्ह्यातून मुंबईकडे उतरतो आणि पुढे पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जातो. महाराष्ट्रातून निघालेले दोन मोठे रस्ते शेकडो किलोमीटर वेगवेगळे फिरून या कारखान्यांच्या गर्दीत एकमेकांना भेटतात.

या भेटीत अभिमान वाटण्यासारखे बरेच आहे, आणि विचार करायला लावणारेही. गेल्या काही वर्षांत देशाला हादरवून सोडणारे तीन अपघात याच दोन रस्त्यांवर किंवा त्यांच्या आसपास घडले.

तीन ठिकाणे, तीन धडे

पहिला ४ सप्टेंबर २०२२ चा. अहमदाबादहून मुंबईकडे येणारी एक महागडी, सर्व सोयींनी युक्त गाडी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर दुभाजकावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी त्यात दगावले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

दुसरा १४ एप्रिल २०२४ चा. वीकेआयवरून जाणाऱ्या रस्त्याने सरळ गेले की सीकरपुढे फतेहपूर लागते. तेथील उड्डाणपुलावर एक मोटार पुढच्या ट्रकवर मागून आदळली आणि पेटली. सालासरचे दर्शन घेऊन परतणारे उत्तर प्रदेशातील एक कुटुंब आत होते. दोन लहान मुलांसह सात जण जळून मृत्युमुखी पडले. दारे उघडत नव्हती, त्यामुळे कुणालाच बाहेर पडता आले नाही, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते.

तिसरा अगदी वीकेआयच्या शेजारचा. ३ नोव्हेंबर २०२५ ला, सोमवारी भर दुपारी, हरमाडा भागातील लोहामंडी रस्त्यावर एक डंपर बेफाम सुटला आणि एकामागून एक वाहनांना चिरडत गेला. दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

तिसऱ्या अपघातातील वाटसरूंचा काहीच दोष नव्हता. अशा वेळी आपल्या गाडीतले कोणतेही बटण उपयोगी पडेलच असे नाही, हे मान्य करायला हवे. समोरच्याची चूक आपल्या हाती नसते. पण पहिल्या दोन घटना वाचताना एक प्रश्न मनात घर करून राहतो. पट्टा गाडीत होता. दारालाही आतून उघडण्याची सोय असते. मग गाडीत जे असते त्याची, आत बसणाऱ्यांना ओळख किती असते?

विश्वकर्म्याचे नाव, कारागिराची सवय

विश्वकर्मा हा कारागिरांचा देव. माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती येते, तेव्हा सुतार, लोहार, कातारी आपापली हत्यारे पुसून, मांडून त्यांची पूजा करतात. आपल्याकडे खंडेनवमीला किंवा दसऱ्याला तेच होते. गाडीलाही झेंडूचा हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते.

पूजेत वावगे काही नाही. पण कारागिराची दुसरी सवय आपण उचलत नाही. कारखान्यात नव्या कामगाराला यंत्रापाशी उभे केले की ते चालू कसे करायचे यापेक्षा ते तातडीने बंद कसे करायचे, हे आधी दाखवण्याची रीत आहे. लाल बटण कुठे, हात कुठे न्यायचा नाही, सैल कपडा का चालत नाही, हे आधी. काम नंतर.

मोटारीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. नवी गाडी दारात आली की गाणी कशी लावायची हे घरातल्या सात वर्षांच्या मुलालाही पहिल्याच संध्याकाळी येते. धोक्याचे चारही दिवे एकदम लावणारे लाल त्रिकोणाचे बटण मात्र वर्ष उलटले तरी कुणी दाबून पाहिलेले नसते. गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका पुढच्या कप्प्यात विम्याच्या कागदाखाली पडून राहते.

अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळी एवढे चालून जात होते. त्या गाड्यांत चोक, डिपर, वायपर आणि हॉर्न कळला की विद्या पूर्ण होई. आजच्या साध्या गाडीतही संगणक, एअरबॅग, घसरणरोधक ब्रेक आणि डझनावारी इशारादिवे असतात. न शिकता ते समजत नाहीत.

जंतरमंतरची आठवण

यंत्र समोर असूनही ते वाचता येत नसले तर काय होते, याचा अनुभव जयपूरला येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला येतो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधवलेले जंतरमंतर २०१० मध्ये जागतिक वारसा ठरले. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीवरून स्थानिक वेळ दोन सेकंदांपर्यंत अचूक सांगता येते. पण समजावून सांगणारा नसेल, तर बघणाऱ्याला तो आकाशात निघालेला एक निरर्थक जिना वाटतो.

चालकासमोरच्या दिव्यांचेही असेच आहे. त्यांची भाषा मात्र सोपी आहे. ती रंगांत आहे. हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक सोय चालू आहे. पिवळा म्हणजे सवड काढून लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा.

तेलाच्या झारीसारखे चित्र लाल दिसले तर इंजिनातील तेलाचा दाब घटलेला असतो. पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत दामटत नेले तर इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. तापमापीचे लाल चित्र दिसले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी चेहऱ्यावर उसळते. निळा दिवा म्हणजे प्रखर झोत चालू आहे. समोरून गाडी येत असताना तो दिसत राहिला, तर आपण एका अनोळखी माणसाचे डोळे दिपवीत आहोत.

पट्टा, फुगा आणि मांडीवरचे मूल

आज वापरात असलेला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा १९५९ मध्ये स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केला. कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यात निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. न लावल्यास १००० रुपये दंड आहे. तरीही 'मागे कशाला?' हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. उत्तर सोपे आहे. गाडी थांबते तेव्हा आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो, आणि मागचा माणूस पुढच्या आसनावर, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतो.

एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला, हा दुसरा गैरसमज. एअरबॅग पट्ट्याला पूरक असते, पर्याय नसते. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगते. तो धक्का जोरदार असतो. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जात असतानाच ती त्याच्या तोंडावर फुटते. म्हणून चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून जास्त अंतर असावे. शेजारच्याने डॅशबोर्डवर पाय ठेवून बसू नये. तिथे देवाची मूर्ती किंवा अत्तराची बाटली चिकटवलेली असेल, तर एअरबॅग उघडताना ती गोळीसारखी उडू शकते.

लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसणे हा तर आपल्याकडे मायेचा भाग समजला जातो. टक्कर झाली की कितीही घट्ट धरलेले मूल हातात राहत नाही. तान्ह्या मुलाचे, तोंड मागे करून बसवायचे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. मुलांची जागा मागे, त्यांच्या वयाच्या आसनात. गरोदर स्त्रीनेही पट्टा टाळू नये. कमरेचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली, ओटीच्या हाडांवरून घ्यावा आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून जावा.

डोक्यामागची उशी मान टेकण्यासाठी आहे, असे अनेकांना वाटते. तिचे काम वेगळे आहे. मागून धक्का बसला की मान मागे झटकते, ती उशी तिला अडवते. तिचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या भागाच्या बरोबरीने असला तरच हे साधते.

दार उघडता आले पाहिजे

फतेहपूरची आठवण ठेवून प्रत्येक कुटुंबाने शिकावी अशी गोष्ट म्हणजे दार. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे संवेदक यांच्यासोबत आणखी एक सोय सक्तीची झाली. वीज गेली तरी मध्यवर्ती कुलूप हाताने उघडता आले पाहिजे. ही सोय आपल्या गाडीत कुठे आहे, हे अंधारात चाचपूनही सापडायला हवे. काही गाड्यांत आतली मूठ एकदा ओढली की दार उघडते, काहींत दोनदा ओढावी लागते.

मागच्या दाराच्या कडेला एक छोटी कळ असते. ती मुलांसाठीचे कुलूप. ती लावलेली असेल तर मागचे दार आतून उघडतच नाही. लहान मुले नसतील तेव्हा ती काढून ठेवावी. आजी-आजोबा मागे बसणार असतील तर त्यांना हे आवर्जून सांगावे.

काच फोडायची वेळ आलीच तर समोरच्या काचेवर शक्ती घालवू नये. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो, ती तडकते पण जागा सोडत नाही. बाजूची काच सहसा वेगळी असते. टोकदार हातोडीने तिच्या कोपऱ्याजवळ मारले की तिचे बारीक दाणे होतात. ही हातोडी डिकीत नको, हाताशी हवी.

गाडीत नंतर गॅस किट किंवा जादा दिवे बसवणाऱ्यांनी ते काम मान्यताप्राप्त ठिकाणीच करून घ्यावे. कापून जोडलेल्या तारा आणि गळकी नळी यांतून आग लागायला वेळ लागत नाही.

धुके, धूळ, ऊन

या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके उतरते. अशा वेळी प्रखर झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. मंद झोत आणि धुक्याचे दिवे लावावेत. चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची आपल्याकडे फॅशन झाली आहे. त्यामुळे आपण वळणार की सरळ जाणार, हे मागच्याला कळेनासे होते. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. गाडी बंद पडली तर ते लावावेत, परावर्तक त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा आणि माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे.

काचेवर आतून वाफ धरली की चालत्या गाडीत फडके मारू नये. काचेकडे वारा सोडणारे बटण आणि वातानुकूलन एकदम चालू करावे, बाहेरची हवा आत घ्यावी. उन्हाळ्यात धुळीची 'आंधी' आली की उलट करावे. हवा आतल्या आत फिरवावी, आणि रस्ता दिसेनासा झाला तर बाजूला थांबावे.

मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. काचा बंद असलेली गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून मुलाला आत ठेवून जाऊ नये. टायरमधील हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. सामान आणि माणसे भरपूर असतील तर आकडा वेगळा असतो, तोही तिथेच मिळतो.

ब्रेकविषयी दोन गोष्टी. घसरणरोधक ब्रेक जोरात दाबला की पायाखाली थरथर जाणवते. काही बिघडले असे वाटून अनेक जण पाय उचलतात. उचलू नये. दाबून धरावे आणि स्टिअरिंगने वाट काढावी. त्यासाठीच ती योजना आहे. आणि औट्रम घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय नको. तो तापून ढिला पडतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी आवरू द्यावी. इंधन वाचवायला इंजिन बंद करून उतरणे म्हणजे मरणाला आमंत्रण. इंजिन बंद झाले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

नव्या गाड्यांत स्वतःहून ब्रेक लावणारी, पट्टा सोडला की सावध करणारी यंत्रणाही आली आहे. ती कॅमेऱ्याने आणि रडारने पाहते. काच मळली, धुके दाटले, आडवा उंटगाडा आला की तिचा अंदाज चुकू शकतो. ती मदतनीस आहे, चालक नव्हे.

निघण्यापूर्वी अर्धा तास

हे सर्व शिकायला वर्ग लावावा लागत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी अंगणात उभी असताना घरातल्या सर्वांनी अर्धा तास आत बसावे. एकाने माहितीपुस्तिका वाचावी, दुसऱ्याने ते बटण शोधावे. प्रत्येकाने आपला पट्टा लावून सोडून पाहावा, आपले दार कुलूपबंद असताना उघडून पाहावे. आजीने मागचे, नातवाने त्याच्या बाजूचे. डिकीतील जॅक आणि त्रिकोण बाहेर काढून परत ठेवावा. मुलांना तो खेळ वाटेल, आणि खेळात शिकलेले ती विसरत नाहीत.

वीकेआयच्या शेजारीच विद्याधरनगर आहे. जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव त्याला दिले आहे, आणि त्या नव्या नगराची आखणी पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी केली. आधी विचार, मग बांधणी, ही या शहराची जुनी शिकवण. १७२७ मध्ये पायाभरणी झालेल्या परकोटाचे सरळ रस्ते आजही तिची साक्ष देतात.

संध्याकाळी पाळी सुटली की वीकेआयच्या फाटकांतून सायकली आणि मोटारसायकली बाहेर पडतात. मागे यंत्रे बंद झालेली असतात, हत्यारे जागेवर गेलेली असतात. त्याच वेळी सीकरकडून परतणाऱ्या गाड्या चौदा नंबरपाशी वेगळ्या होतात. कुणी मुंबईच्या रस्त्याला लागते, कुणी सोलापूरच्या. घर अजून हजार किलोमीटर दूर असते. त्या चौकात दिवा लाल असेपर्यंत एकदा मागे वळून पाहायला हरकत नाही. मागच्या आसनावर सगळ्यांचे पट्टे लागले आहेत ना?